दहशतवादाची पाच कारणं घेऊन नरसिंहपूरला

मी पुण्याच्या एका कॉलेजात सतरा वर्षं परराष्ट्र धोरण शिकवते आणि माझ्याकडे पासपोर्ट नाही. ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना सहसा सांगत नाही. जगातल्या बहुतेक राजधान्यांचं नेमकं काय चुकतंय, हे मला स्टाफरूममधल्या खुर्चीवरून इतकं स्वच्छ दिसतं की तिथं प्रत्यक्ष जायची गरज कधी वाटली नाही. तरीही नव्याण्णव सालच्या हिवाळ्यात मी एक दौरा केला. बारामती, सुपे, इंदापूर आणि नरसिंहपूर. चार दिवसांत चार व्याख्यानं. विषय होता, 'दहशतवादामागील प्रेरणा आणि आपले परराष्ट्र धोरण'.

त्या उन्हाळ्यात कारगिलला लढाई झाली होती. गणपतीपासून प्रत्येक मंडळाला आणि वाचनालयाला या विषयावर वक्ता हवा होता. मागणी इतकी वाढली की नेहमीचे पुरुष वक्ते संपले आणि माझा नंबर लागला. भाषण माझ्याकडे तयारच होतं. दहशतवादाची पाच कारणं. परकीय हात, धर्मांधता, बेकारी, शस्त्रांचा सुळसुळाट आणि सीमेवरची ढिलाई. या पाचांचा मोठा गुण असा की त्यातलं एकही श्रोत्यांमुळे घडत नाही, आणि वक्त्यामुळे तर नाहीच. माणूस ऐकून हलका होऊन घरी जातो.

बारामती

स्टँडवर मला घ्यायला तात्या आले होते. सात एकर ऊस असलेले हे गृहस्थ व्याख्यानमालेचे अध्यक्ष, सूत्रसंचालक आणि जीपचे ड्रायव्हर होते. हातात माझ्या नावाची पाटी होती आणि नावापुढे 'सर' लिहिलं होतं. ते माझ्या अंगावरून पुढं बघत राहिले. मीच ती, असं सांगितल्यावर त्यांनी पाटी उलटी केली.

"म्याडम हाय व्हय! मला वाटलं, आतंकवाद म्हंजी सरच येणार." मग सावरून म्हणाले, "आसू द्या. उलट बरं झालं. बायकाबी येतील."

बायका आल्या नाहीत. त्या स्वयंपाकाला लागल्या होत्या, कारण पाहुण्या वक्त्या जेवायला येणार होत्या.

व्याख्यान संध्याकाळी होतं, म्हणून दुपारी तात्यांनी मला एमआयडीसी दाखवली. पाळी सुटायची वेळ होती. फाटकातून मोटरसायकलींचा लोंढा बाहेर पडत होता, प्रत्येकीच्या हँडलला जेवणाचा रिकामा डबा. दुधाची पावडर करणाऱ्या कारखान्याकडे बोट करून तात्या म्हणाले, "हितली पावडर पार परदेशात जाती."

"कोणत्या देशात?" मी अभ्यासू चेहरा करून विचारलं.

"जो घील त्याला. आपलं धोरण तेच."

एवढ्याच गोष्टीसाठी मी विद्यार्थ्यांचं पूर्ण एक सत्र घेते.

संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये दोनशे टोप्या बसल्या होत्या. 'परकीय हात' म्हटल्याबरोबर टाळ्या पडल्या. 'सीमेवरची ढिलाई' म्हटल्यावर आणखी पडल्या. मी हात उंचावून टाळ्या थांबवल्या. ही कला मी आरशासमोर शिकले आहे. शेवटी एका आजोबांनी विचारलं, "म्याडम, मग एकदाचा बाँब टाकून विषय मिटवत का न्हाईत?" मी राजनैतिक दबावाबद्दल दहा मिनिटं बोलले. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी टाकायचा न्हाय." व्याख्यान आटोपलं.

सुपे

सुप्याचा बाजार ज्या दिवशी भरतो तोच दिवस तात्यांनी व्याख्यानाला निवडला होता, गर्दी आयती मिळेल म्हणून. गर्दी मिळाली, पण ती शेळ्या विकायला आली होती. देवळाच्या सभामंडपात मी धर्मांधतेवर बोलत असताना शेजारी बोकडांचे सौदे चालले होते, आणि माझ्या प्रत्येक मुद्द्यानंतर एक बोकड असा काही ओरडे की त्याला मुद्दा पटला की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. तिसऱ्या कारणापाशी वीज गेली. उरलेली दोन कारणं सुप्याला आजही माहीत नाहीत आणि माझ्या माहितीप्रमाणे तिथं त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही.

जेवायला बाजरीची भाकरी आणि शेंगोळी होती. कुळथाच्या पिठाच्या वळलेल्या त्या कड्या लसणाच्या रश्शात शिजवलेल्या. पुण्यात मी दुपारी सँडविच खाते आणि त्याला जेवण म्हणते. तात्यांच्या मेहुणीनं मला चौथी भाकरी वाढताना विचारलं, "एवढं सगळ्या जगाचं ध्येनात ठेवायचं, मग अंगाला लागत न्हाय का?"

परतताना तात्यांनी जीप मयूरेश्वराच्या अभयारण्यातून घेतली. तिथं ती पंक्चर झाली. स्टेपनी बारामतीला घरी होती. दोन तास आम्ही बाभळीखाली बसलो आणि माळावर चरणाऱ्या चिंकारा हरणांकडे बघत राहिलो. तात्या मधूनमधून मला सांगत, "म्याडम, मुद्दाम दाखवाय आनलंय."

इंदापूर

उजनी धरणाचं पाणी या बाजूला इंदापूरच्या उंबऱ्यापर्यंत आलेलं आहे. रस्त्याकडेला एका टपरीवर आम्ही तळलेले मासे खाल्ले, इतके ताजे की टपरीवाल्यानं ते कुठल्या होडीतून उतरले ती होडी दाखवली. पुढं उथळ पाण्यात लांबच लांब गुलाबी रेघ दिसली. रोहित पक्षी.

"लांबनं येत्यात," तात्या म्हणाले. "ना पासपोर्ट, ना काय."

मी विषय बदलला.

इंदापूरचं व्याख्यान माझ्या मते चांगलं रंगलं. प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर मागच्या रांगेतून पन्नाशीचा एक माणूस उठला. स्वच्छ पांढरा शर्ट, बारीक कापलेले केस.

"म्याडम, तुमी पाच कारणं सांगितली. मला एक पोरगी ठावं हाय, ती पाचात कुठं बसना. कॉलेजात शिकणारी. बाप शाळेत मास्तर. बेकारी न्हाय, धर्माचं येड न्हाय. परदेशी मानूस तिला भेटाय आला न्हाय. आन् एक दिवस ती घर सोडून बंदूकवाल्यांत गेली. तिला कुठल्या कारणात बसवायची?"

वर्गातल्या अनुभवाचा फायदा असा की उत्तर येत नसलं तरी वाक्य येतं. मी म्हणाले, "हे पहिल्या आणि चौथ्या कारणांच्या संयोगाचं उत्तम उदाहरण आहे." टाळ्या पडल्या. तो माणूस "बरं" म्हणून खाली बसला.

सभा संपल्यावर तो लंगडत माझ्याकडे आला. निवृत्त हवालदार साबळे. डावा पाय घोट्यापासून कृत्रिम होता. "उद्या नरसिंहपूरला निघालाय न्हवं? आमचं गाव वाटंतच हाय. आमच्यात जेवूनच फुडं जा."

तात्या मला बाजूला घेऊन अभिमानानं म्हणाले, "श्रीलंकंत पाय गेला त्यांचा. उद्या आपन सत्कार ठेवलाय. तुमच्याच हस्ते."

साबळ्यांच्या घरी

साबळ्यांचं घर शेतातच आहे. समोर गहू, मागं डाळिंबाची थोडी झाडं, ओट्यावर सायकल. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली फौजेतला फोटो. बायको सुमनताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. त्यांनी वांग्याचं भरीत वाढता वाढता सरळच विचारलं, "काल यांना उत्तर दिलंत, ते तुम्हांला तरी पटलं का?"

मी पाणी प्यायले.

"आगं, त्यांना जेवू तर दे," साबळे म्हणाले. पण त्यांनी स्वतः ताटाला हात लावला नव्हता. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली.

सत्त्याऐंशी साली आपली फौज श्रीलंकेत गेली तेव्हा साबळे तिच्यात होते. शेजारच्या गावचा बबन त्यांच्याच तुकडीत. "पयलं दोन म्हैनं लोकांनी हार घातलं आमाला. भांडण मिटवाय आलेत म्हनून." त्यांच्या चौकीजवळ एक शाळा होती. तिथले मास्तर साबळ्यांना 'तंबी' म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. मास्तरांची मुलगी कॉलेजला सायकलवर जायची. एकदा तिची साखळी निसटली, ती बबननं बसवून दिली.

मग बोलणी फिसकटली. ज्यांच्यात समेट घडवायला गेले, त्यांच्यातल्याच तमीळ बंडखोरांशी लढायची वेळ आली. धोरण दिल्लीत बदललं. साबळ्यांना ते गोळ्या सुरू झाल्यावर कळलं. हे प्रकरण मी वर्गात शिकवते. त्यासाठी माझ्या वहीत 'अपेक्षांमधील विसंगती' असा शब्द आहे.

"एका दिवशी आमची चार पोरं गेली," साबळे म्हणाले. "दुसऱ्या दिवशी घरांची झडती. मास्तरांचं घर माझ्याकडं आलं. ते म्हनलं, तंबी, घरात काय न्हाय, बघ. आन् मला काय झालं, सांगता येत न्हाय. ते तंबी म्हनलं याचाच राग आला. मी बंदुकीच्या दस्त्यानं त्यांना मारलं. तोंडावर. खाली पडल्यावरबी मारलं. पोरगी दारात उभी हुती. बबननं मागनं येऊन मला कंबरंला धरलं. 'आरं मास्तर हायत ते, सोड' म्हनत हुता. त्यानं वढत बाहेर नेलं मला."

घरात काही सापडलं नाही. आठ दिवसांनी मुलगी घरातून गेली. दोन महिन्यांनी त्याच रस्त्यावर सुरुंग फुटला. साबळ्यांचा पाय गेला. बबन जागच्या जागी गेला.

"तिनंच पुरला का, मला ठावं न्हाय. दुसऱ्या कुनीबी पुरला आसंल. पन तिला तिकडं कुनी धाडलं, ते ठावं हाय."

मी काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "तुम्ही स्वतःला फार दोष देताय. त्यांनीही निरपराध माणसं मारली."

"मारलीच की," ते पटकन म्हणाले. "मी कुठं त्यांना चांगलं म्हनतोय? बबननं काय केलं हुतं? त्यानं तर मला आडवलं. सुरुंगाला ते कळलं का? कारण कळलं म्हनून मी माफ करतोय, आसं समजू नका. पन कारण सांगायचंच झालं, तर खरं तरी सांगा. उगं दुसऱ्याच्या अंगणात टाकू नका."

सुमनताई म्हणाल्या, "बबनच्या घरी कुणाला हे ठाऊक नाही. आबांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, एवढंच कळवलंय की शत्रूशी लढताना गेला. हे दर दिवाळीला तिथं जातात. पूर्वी आमच्या माणसांना त्या ओट्यावर चहा मिळायचा. बबन गेल्यापासून आबा यांना हाताला धरून माजघरात नेतात. आणि हे तिथं पाण्याशिवाय काही घेत नाहीत."

"आज आबा म्होरंच बसतील," साबळे म्हणाले. "त्यांच्यासमोर तुमी मला शाल घालनार. म्याडम, त्याच्या आधी तुमीच सांगा. तुमच्या भाषनात. माजं तोंडच उघडत न्हाय. बारा वर्सं झाली."

मी शब्द दिला. सहज दिला. पोटात भरीत-भाकरी होती आणि माणूस समोर बसला होता. अशा वेळी मी अतिशय धाडसी असते.

नरसिंहपूर

नरसिंहपूर म्हणजे तालुक्याचं टोक. नीरा आणि भीमा इथं एकमेकींना भेटतात, आणि वर काळ्या दगडाचं नरसिंहाचं देऊळ आहे. घाटाच्या पायऱ्या उतरून मी पाण्यात पाय बुडवून आले. कर्तव्यदक्ष प्रवासी म्हणून दोन नद्यांच्या पाण्याचा रंग वेगळा दिसतो का, तेही बघितलं. दिसला नाही.

दुपारी चारला देवळाजवळच्या मांडवात सभा होती. नदीकाठच्या गावांतून ट्रॅक्टर भरून माणसं आली होती. पहिल्या रांगेत आबा बसले होते. सत्तरीचे, उंच, फेटा बांधलेले. तात्यांनी ओळख करून दिल्यावर ते म्हणाले, "लांबनं आलाय. पोरींनी तुमच्यावानी बोलाय पायजे." मी नमस्कार केला, आणि त्याच क्षणी माझं धैर्य त्या मांडवातून उठून कुठंतरी निघून गेलं.

मी बोलायला उभी राहिले. पहिलं कारण झालं, टाळ्या. दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं. मग साबळ्यांकडे न बघता मी सहावं कारण सांगितलं. "कधी कधी," मी म्हणाले, "शांतता राखण्याच्या प्रक्रियेत स्थानिक पातळीवर काही अप्रिय घटना घडतात, आणि त्यातून गैरसमज निर्माण होतात." वाक्य सुरेख होतं. त्यात मास्तर नव्हते, बंदुकीचा दस्ता नव्हता, कुणाचं तोंड नव्हतं. या वाक्याला मला कुठल्याही परिसंवादात मान हलवून दाद मिळाली असती. इथंही टाळ्या पडल्या.

मग तात्यांनी साबळ्यांचं नाव पुकारलं. मी शाल उलगडली. साबळे वर आले, माझ्या हातातली शाल त्यांनी हळूच घेऊन खुर्चीवर ठेवली आणि माइक घेतला.

"म्याडमनी जे गैरसमज म्हनलं, तो मी हाय," ते म्हणाले.

आणि त्यांनी सगळं सांगितलं. जेवताना मला सांगितलं होतं त्यापेक्षा कमी शब्दांत. मध्ये एकदा मागून कुणीतरी ओरडलं, "खाली बसा! फौजेची बदनामी नको!" दोघं-तिघं उठून उभे राहिले. तात्या घाबरून माइकच्या वायरीकडे निघाले. तेव्हा आबांनी बसल्या जागेवरून हात वर केला. "तात्या, वायरीला हात लावू नको. बोलू दे त्याला."

साबळ्यांनी संपवलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आबा उठले. मांडवातून मंचापर्यंत यायला त्यांना वेळ लागला, आणि तेवढा वेळ कुणी जागचं हललं नाही.

"बबन्यानं तुला खरंच धरलं हुतं?" त्यांनी विचारलं.

"व्हय आबा. कंबरंला मिठी मारून."

"काय म्हनला?"

"मास्तर हायत ते, सोड म्हनला."

"मास्तरांचं लई ऐकायचा त्यो," आबा म्हणाले. "शाळंत आसल्यापासनं." मग आवाज चढवून म्हणाले, "आन् तू बारा वर्सं हे पोटात ठेवून माज्या घरात येत हुतास? एवढीच एक गोष्ट त्याची ऱ्हायली हुती, तीबी मला दिली न्हाईस?"

साबळ्यांनी मान खाली घातली. आबांनी त्यांना जवळ घेतलं नाही. ते वळले आणि मांडवाबाहेर निघून गेले.

तात्यांनी आभार मानले. परराष्ट्र धोरणावर मौलिक विचार मांडल्याबद्दल माझे.

दुसऱ्या दिवशी सकाळी

मी साबळ्यांच्याच घरी मुक्काम केला होता. सकाळी चहा होत होता तेव्हा आबांच्या घरून निरोप आला. साबळ्यांनी लगेच यावं, बायकोला घेऊन, आणि त्या म्याडमनाही आणावं. साबळ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. गुंड्या सुमनताईंनी लावल्या.

आबांच्या माजघरात घोंगडी अंथरली होती. घरातल्या सगळ्या बायका बसल्या होत्या. आबांच्या दोन सुना, एक विधवा बहीण, आणि मधोमध बबनची आई. बारीक अंगाची, हिरव्या लुगड्यातली. काल त्या सभेला नव्हत्या. बायकांना कुणी नेलंच नव्हतं.

"बस," आबा साबळ्यांना म्हणाले. अजून त्यांच्याकडे बघत नव्हते. "काल बाप्यांना सांगितलंस. आता हिला सांग. मला नीट सांगता येईना."

साबळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. बबननं सायकलची साखळी बसवून दिली, तिथं त्या जराशा हसल्या. मास्तरांना मारलं, तिथं डोळे मिटले. सुरुंगाची गोष्ट आल्यावर सुनेनं त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला.

सांगून झाल्यावर चुलीवरचा चहा उतू गेला, तो एका सुनेनं उठून उतरवला. मग आईंनी विचारलं, "त्या पोरीला आई हुती का?"

साबळे गोंधळले. "ठावं न्हाय, काकी. घरात कदी दिसली न्हाय."

"म्हंजी न्हवती, का तू बघितली न्हाईस?"

"ठावं न्हाय."

मग त्या माझ्याकडे वळल्या. मी शिकलेली, पुण्याची, सगळ्या जगाचं ध्यानात ठेवणारी. "बाई, तुमास्नी ठावं आसंल. तिकडं आता त्या मास्तरांच्या घरात कोन ऱ्हातं?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही."

साऱ्या दौऱ्यात मी दिलेलं हे सगळ्यांत छोटं उत्तर होतं, आणि त्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आईंनी मान डोलावली. साबळ्यांपुढं चहाची कपबशी ठेवली आणि ती रिकामी होईपर्यंत तिथंच बसून राहिल्या.